दादाचं ‘नाही’

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस. तुझा दादा बरा आहे, घरी आहे. आत्ता माझ्यासमोर बसून रुमालांच्या घड्या घालतोय आणि मनासारखी पडली नाही की मोडतोय. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तू “बोला बाबा” म्हणालीस की मी हवापाण्याचं काहीतरी बोलून ठेवून देतो आणि मग दिवसभर रुखरुख लागते. माझ्यासारख्या सातवी नापासाला लिहायला वेळ लागतो, पण कागद घाई करत नाही. तुझी पाठ कशी आहे? स्टुलावर चढून माळ्यावरचं काढत जाऊ नकोस. जावयांना सांग, नाहीतर राहू दे तिथेच.

आमच्या हॉस्पिटलात एक समिती निघाली आहे. पेशंटच्या घरच्यांना बाहेर ताटकळत न ठेवता उपचारात सोबत कसं घ्यायचं, हे ठरवायला. कर्मचारीही आहे आणि पेशंटचा बापही, असं कोणी आपणहून येईल का, असं विचारलं, तेव्हा मी हात वर केला. लगेच खाली घेणार होतो, पण मेट्रनबाईंनी पाहिला. आमच्या चादरींच्या खोलीतले आता मला सभासद म्हणतात. सभासद, अभ्रे संपले. सभासद, ट्रॉलीचं चाक निघालं. पहिल्या बैठकीत मी तोंड उघडलं नाही. चहा तेवढा घेतला, त्यानेही छातीत जळजळलं.

मधे दादाला कफ झाला म्हणून पुन्हा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तुला कळवलं नाही, रागावू नकोस. डॉक्टरांचा राउंड आला की नातेवाईकांना वॉर्डाबाहेर काढतात, हे तुला माहीत आहेच. मला कधी कोणी काढलं नाही. युनिफॉर्म अंगात, हातावर घडीची चादर, की मी खाटेशी उभा. इतकी वर्षं वाटायचं, बाप म्हणून राहू देतात. त्या दिवशी समितीची बैठक होती म्हणून मी तुझ्या लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. दारावरचा माणूस नवा. म्हणाला, आजोबा, बाहेर थांबा. मी सांगितलं, अरे, घरच्यांना बाहेर काढू नये याच्याच समितीत आहे मी. तो म्हणाला, मग तिथेच सांगा ना. त्याचंही काही चुकलं नाही. मी बाकावर जाऊन बसलो.

आत डॉक्टरांनी दादाला विचारलं, दुखतंय का. तो काय म्हणाला असेल, तुला सांगायला नको. लहानपणापासून त्याचा हिशोब पक्का आहे. ‘हो’ म्हटलं की सुई येते, ‘नाही’ म्हटलं की माणसं निघून जातात. त्याच्या सलाइनची सुई शिरेतून निसटली होती. हात फुगत होता आणि याने तो पांघरुणाखाली लपवला होता. नर्सनेही विचारलं. नाही. राउंड संपल्यावर मी आत आलो तर हा दुसऱ्या हाताने कानाची पाळी चोळत होता. दुखायला लागलं की तो पाळी चोळतो, हे आपल्या घराबाहेर कोणाला माहीत असणार? मी पांघरूण काढलं. डॉक्टर पोरसवदा होते, चेहरा उतरला त्यांचा. “काका, मी विचारलं होतं हो त्याला,” एवढंच म्हणाले. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

त्याच दुपारी समितीत हे सांगितलं. आता ठरलं आहे की ज्या पेशंटला स्वतःचं सांगता येत नाही, त्याचं एक माणूस राउंडला आत राहील, मग कपडे कोणतेही असोत. सुरुवात दादाच्याच वॉर्डापासून. सगळ्यांनी मान डोलावली. मला जरा बरं वाटत होतं, तेवढ्यात मेट्रनबाईंनी विचारलं, “आणि तुमच्यानंतर त्याचं कोण?” मी टेबलावरच्या कापडाची सुरकुती काढायला लागलो. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं. मग त्यांनीच माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

तुझी पाठवणी होती त्या दिवशी आई तुला स्वयंपाकघरात जवळ घेऊन म्हणाली होती, दादाचं आम्ही बघू, तू मागे वळून बघायचं नाही. मी दारात उभा राहून हो हो करत होतो. आई गेली. शब्द दोघांचा होता, तो माझ्या एकट्याकडे राहिला. मी तो पाळला. तू दादाचं विचारायला लागलीस की मुद्दाम तुझ्या पाठीचं काढायचो.

आता लिहितो, हात थांबायच्या आत. माझ्या हृदयाचं ऑपरेशन करायचं म्हणतात, पुढच्या महिन्यात, इथेच, वरच्या मजल्यावर. जिना चढताना छातीत दुखतं का, असं डॉक्टर मला बरेच दिवस विचारत होते. मी नाही म्हणत होतो. दादाने ते ‘नाही’ कुणाकडून उचललं, आता कळलं. बरा होईन म्हणतात. पण मी वर पडलेला असताना, किंवा पुढे कधी, दादा त्या खाटेवर असला तर त्याच्या कानाकडे कोण बघणार? त्याला घरी घेऊन जा, असं मी म्हणत नाही. ऑपरेशनच्या आधी एकदा ये. त्याच्याजवळ बस. त्याचं काय काय असतं ते बघून घे. चाललं तर त्याचं माणूस म्हणून मेट्रनबाईंना तुझं नाव सांगतो. जमणार नसेल तर नाही म्हण, मी धरून बसणार नाही. फक्त ते ‘नाही’ खरं असू दे, दादाचं नको, माझंही नको. मघाशी त्याला विचारलं, चिमणीची आठवण येते का रे? नाही म्हणाला. आणि घडी तशीच टाकून कानाची पाळी चोळत बसला.

वाट बघणारा, तुझाच
बाबा