‘कपाशी’त किती मावतं

वर्धा, नोव्हेंबर २००३

प्रिय रुचू,

माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडतील, तरी वाच. मी सध्या संगणकाचं पुस्तक सुधारतेय. हसू नकोस. मराठी टायपिंगसाठी तुझ्या बाबांनी केलेला ‘कपाशी’ हा प्रोग्राम जिल्ह्यातले काही टायपिंगवाले अजून वापरतात, आणि काही अडलं की माझंच डोकं खातात. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, त्यांच्या ‘कपाशी’ला मात्र मरण नाही.

परवा सेलूचे बाबाराव आपल्या दुकानात आले, तोंड उतरलेलं. सबंध पावसाळा बसून त्यांनी गावाचा इतिहास टाइप केला, शेवटी सगळे तुकडे एका फाइलमध्ये जोडून पुसून टाकले आणि उघडून बघतात तर मागचा अर्धा गायब. म्हणाले, “काऊन गेलं वहिनी? तुमच्या पुस्तकात तं लिहून आहे, फाइल कितीही मोठी चालते.” लिहून आहे खरं. तुझ्या बाबांनीच लिहिलं ते. त्यांनी तपासलं होतं अर्ज नि लग्नपत्रिका टाइप करून. वर्ध्यात कोण एवढं मोठं लिहितंय, असं त्यांना वाटायचं. वर गिऱ्हाइकांना बजावायचे की तुकडे करू नका, सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा. स्वतःही तसंच करायचे.

मग तुझ्या भावाला, अंकितला, शेजारी बसवून मी एकच ओळ पुन्हा पुन्हा डकवत गेले. पडद्यावर सगळं दिसतं, पण सेव्ह करताना चौसष्ट केबीच्या पुढचं सगळं मुकाट टाकून देतो मेला. चूक झाली असं सांगतसुद्धा नाही. पुस्तकातलं जुनं वाक्य काढलं आणि लिहिलं, ‘फाइल चौसष्ट केबीपेक्षा मोठी करू नये, पुढचा मजकूर नष्ट होतो.’ लिहिताना मला बाबांचा राग आला, आणि मग त्यांची ती फाइल आठवली.

दवाखान्यात भरती होण्याआधी महिनाभर ते आपल्यासाठी लिहीत होते, ती. तेरवीनंतर आपण तिघांनी उघडली. आधी माझ्यासाठी, मग अंकितसाठी पानंच्या पानं, आणि सगळ्यात खाली ‘रुचिका, तू’ एवढंच. तू उठलीस, बॅग भरलीस, ती पुन्हा या घरात आली नाहीस. मलाही वाटलं, तू स्वतःच्या मनानं लग्न केलंस त्याचा राग या माणसानं शेवटपर्यंत सोडला नाही. दवाखान्यात मात्र सारखे म्हणायचे, “रुचीले सांगजो, पूर्ण वाच म्हणा.” तापातलं बोलणं म्हणून मी ते तुला कधी सांगितलं नाही. काल त्या फाइलचा आकार पाहिला. बरोब्बर चौसष्ट केबी. त्यांनी पुढं लिहिलं होतं, रुचू, आणि फाइल पुन्हा उघडून बघायच्या आतच भरती झाले. रागाचं की मायेचं, ते आता कधीच कळणार नाही. अंकितनं घरातली प्रत्येक फ्लॉपी बघितली, कुठंच काही उरलेलं नाही. पण तुझ्यासाठी त्यांच्याकडे दोनच शब्द होते, असं यापुढं समजू नकोस. एवढं सांगायलाच लिहिलं.

तुझीच,
आई