चाळीस ताटं, दोन बादल्या

माय,

रविवारी तुझ्या पणतीचं बारसं आहे. चाळीसेक माणसं जेवायला येतील, आणि जेवण कशात वाढायचं यावरून घरात दोन दिवस वाद चालू आहे. तुझा नातू बाजारातून नमुने घेऊन आला. एक कागदाची प्लेट, आतून चकचकीत प्लास्टिकचा थर असलेली. दुसरी पळसाच्या पानांची, पण तिच्याही पाठीला प्लास्टिक चिकटवलेलं. म्हणजे पान असूनही जनावराच्या कामाचं नाही. थर्माकोलवर आता बंदी आहे. तुझी स्टीलची ताटं माळ्यावर आहेतच, पण लातुरात आमच्या भागात नळाला पाणी येऊन नऊ दिवस झालेत आणि बोअर तर कधीचं कोरडं. सून म्हणते, ताटं धुण्यात टाकी रिकामी होईल, त्यापेक्षा कागद बरा. पोरगा म्हणतो, पाणी आज ना उद्या येईल, हा कचरा मात्र आपल्या मागंही राहील. मला दोघांचंही पटतं आणि दोघांचाही राग येतो. अशा वेळी तू हवी होतीस. तू गेल्याला वीस वर्षं होत आली, तरी भांड्याकुंड्यांचं काही अडलं की मी अजून तुझ्याकडंच वळून बघते.

माझ्या साखरपुड्याचा उन्हाळा असाच होता. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मुलाकडची मंडळी भोकरहून येणार होती. विहिरींनी तळ गाठलेला, गल्लीत टँकर आला की घागरींची मारामारी. तू किनवटकडच्या इस्लापूरला, तुझ्या माहेरी, मामाला निरोप धाडलास आणि मामा रेल्वेनं पत्रावळींचा गठ्ठा घेऊन हजर. तुझ्या लग्नाआधी तू स्वतः जंगलातून पळसाची पानं आणून पत्रावळी लावायचीस, त्या गठ्ठ्याचा वास घेताना तुझा चेहरा पोरीसारखा झाला होता. मी मात्र पाय आपटले. "जिल्ह्याच्या गावात पानावर जेवण? लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "लोकं पानावरच जेवून मोठी झाली. जेवणं झाले की पानं ढोरं खातेत. ताटाला लई पाणी लागतंय, ते कुठून आणू?" ती ताटं तूच जुनी लुगडी देऊन बोहारणीकडून एकेक करत जमवली होतीस, आणि तीच काढायला तू तयार नव्हतीस! मी रडले, जेवले नाही, दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू चुलीपुढं बसून भाकरी थापतेस, मान वर न करता म्हणतेस, "काढ ताटं. पण धुवायला तू बसशील."

मला वाटलं, रागानं बोललीस, विसरशील. पण पाहुण्यांची पंगत उठली आणि तू खरंच राखेची पाटी माझ्यापुढं सरकवलीस. अंगावर नवीकोरी हिरवी साडी, हातात बांगड्या, आणि मी अंगणात उष्ट्या ताटांच्या राशीपुढं बसलेली. माझी होणारी सासू हात धुवायला आली तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू तिला सांगितलंस, "हट्ट तिचाय, तर धुणंबी तिचंच." मग पदर खोचून माझ्या समोर बसलीस. आधी खरकटं निपटायचं, मग कोरड्या राखेनं घासायचं, मग सुक्या फडक्यानं राख पुसून घ्यायची, आणि त्यानंतरच पाणी. तीन परातींत ओळीनं बुडवायचं, पहिलीतलं पाणी गढूळ झालं की लिंबाच्या झाडाला, दुसरी पहिलीच्या जागी. मी घासून तुझ्याकडं द्यायची, तू विसळून पालथं घालायचीस. शेवटचं ताट ठेवून तू बादल्यांकडं बघितलंस आणि हसलीस. "दोनच बादल्या लागल्या की गं. मी उगंच भेले व्हते." तू चुकल्याचं कबूल केलंस असं मला आठवतं ते एवढंच. लग्नात तीच चाळीस ताटं माझ्यासोबत पाठवलीस.

आणि तुझ्या तेरवीला मी थर्माकोलच्या प्लेटा आणल्या. दुष्काळ आहे, पाणी कुठंय, असं येईल त्याला सांगत सुटले. सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी बघते तर वाऱ्यानं प्लेटा गल्लीभर पसरलेल्या, आणि एक गाय त्यातलीच एक चघळत उभी. तिच्या तोंडातून ती ओढून काढली, बाकीच्या गोळा केल्या. टाकवेनात. तुझीच लेक मी, धुवून ठेवू म्हटलं, पुन्हा कामी येतील. थर्माकोलला लागलेली हळद कधी निघते का? साबण लावला, घासलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या, अर्ध्या हातातच मोडल्या. तू बघितलं असतंस तर कपाळाला हात लावला असतास. शेवटी पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत दिल्या. असतील कुठंतरी अजून, जशाच्या तशा.

आज पोराला सांगितलं, ताटं खाली उतरव. कोपऱ्यावरच्या भजीवाल्याची चूल आहे, त्याला राख सांगून ठेवली. सून म्हणाली, "मी बसते तुमच्यासमोर, शिकवा." ताटं बघून मला रडू आलं, तिला वाटलं धूळ गेली डोळ्यात. तू आज असायला हवी होतीस, माय. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते.

तेरवीच्या दिवशी पाणी होतं. सकाळीच टँकर आला होता, दोन्ही टिपाडं काठोकाठ भरली होती. ताटंही मी काढली होती. पण समोर बसून विसळायला आता कोण, हे मनात आलं, आणि मी ती एकेक करून परत माळ्यावर ठेवली.