पाहिलेलं आणि ऐकलेलं

१२ नोव्हेंबर, मंगळवार. ॲन आर्बर.

आज गर्लफ्रेंडशी, मुग्धाशी, भांडायलाच लायब्ररीत गेलो. रूममेट रोहन म्हणाला होता, ती तिच्या डिपार्टमेंटमधल्या कुणाबरोबर तरी शिकागोला गेली होती. पोचलो तेव्हा ती जुना अरबी इतिहास वाचत होती, तिचा थीसिसच आहे त्यावर. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "थांब यार, हे ऐक."

आठशे वर्षांपूर्वीचा एक इतिहासकार. शहराला वेढा पडलाय, माणसं भुकेने मरतायत, हा आतच अडकलाय. तरी प्रत्येक गोष्टीआधी लिहितो: हे मी स्वतः पाहिलं, हे अमक्याने सांगितलं, खरं काय ते अल्लाच जाणे.

अंगावर काटा आला. स्वतःचं शहर मरतंय आणि हा ऐकलेलं पाहिलेल्यात मिसळू देत नाही! कुठून आणलं असेल एवढं बळ? मी तर कॉलेजही 'सर तुला पास करणार नाहीत' असं कुणीतरी म्हणालं म्हणून सोडलं.

"बोल, का आलास?"

"रोहन म्हणतो, तू शिकागोला गेली होतीस. कुणाबरोबर तरी."

"आणि तू काय पाहिलंस?"

"काहीच नाही." तिच्याशी इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो.

"मग बस इथे," ती म्हणाली आणि तिने पान उलटलं.