सासूबाईंच्या तोंडाची चव

शाहूपुरी, कोल्हापूर

तीर्थरूप मावशी,

तुझ्या अनुजाचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? काजूला मोहर धरला का? आम्ही सगळे ठीक. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही (सासूबाईंचे कान अजून चांगलेच तिखट आहेत), म्हणून कागद घेतला.

तापातून उठल्यापासून सासूबाईंच्या तोंडाची चव गेली, हे तुला ठाऊकच आहे. दोन महिने पिठलं केलं, खर्डा केला, अळणी मटण केलं. एक घास घेऊन त्या ताट सरकवायच्या. "माती लागतीया गं." डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू येईल. पण थोरल्या दिरांना, विजयसिंहदादांना, कुठला धीर! कोडोलीहून फोन आला, "आई तुझ्या हातचं खात न्हाय. रविवारी जेवायला येतो आनि तिला घिऊनच जातो." मावशी, अठरा वर्षं मी त्या बाईंशी एका स्वयंपाकघरात भांडले आहे. त्यांना असं कोण घेऊन जातं, ते बघतेच म्हटलं.

मग विचार केला. चौऱ्याहत्तर वर्षं त्या जिभेनं कांदा-लसूण चटणीच खाल्ली. तेच पुन्हा पुन्हा पुढ्यात ठेवून काय उपयोग? तिला अनोळखी काहीतरी द्यायला हवं. मोबाइलवर एक थाई बाई आंबट-तिखट सूप करताना दिसली. ठरलं! नारळाचं दूध, गवती चहा, लिंबाची पानं, हिरवी मिरची, कोळंबी. सगळं आपल्यातलंच की. फक्त मुरवलेल्या माशांच्या पाण्याची एक बाटली राजारामपुरीतून आणावी लागली. (तिचं टोपण मी शनिवारी दुपारी उघडलं. तेवढ्यात हे बाहेरून आले, दारातच थबकले, "मोरी तुंबली काय गं?" म्हणाले आणि मी काही बोलायच्या आत अर्धी बाटली फिनेल ओतून मोकळे झाले. त्यानंतर दोन तास शेजारचं मांजरसुद्धा फिरकलं नाही.) त्याच दिवशी रंगीत तालीम घेतली. पहिलं सूप फाटलं, दुसरं खारट झालं, तिसऱ्यात गवती चहा इतका पडला की ह्यांनी वर साखर मागितली. मी हरले नाही. रविवारी उठल्या उठल्या पुन्हा नारळ खवायला बसले.

दादा आले, पाटावर बसले. मी सगळ्यांपुढे वाट्या ठेवल्या, आत तांदळाच्या शेवया सोडलेल्या. दादांनी एक शेवई चमच्यावर उचलून उजेडात धरली. "गांडुळं हाईत व्हय ही? आनि रस्सा कुठाय?"

"हाच रस्सा," मी म्हटलं.

"मग त्येला आजार काय झालाय?"

हे खाली मान घालून हसत होते (त्यांना मी नंतर बघून घेतलं). एवढ्यात सुर्र असा आवाज आला. सासूबाईंनी वाटीच तोंडाला लावली होती. खाली ठेवली तेव्हा डोळ्यांत पाणी. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"आंबाट हाय," त्या म्हणाल्या. मग ओठांवरून जीभ फिरवत, "मिरची बी लागतीया." आणि वाटी पुढे केली. "आनखी वाढ."

"आई, गाडी भाईर उभी हाय, कोडोलीला..."

"गप बस इज्या! दोन म्हैन्यानं चव लागाय लागलीया, खाऊ दे मला."

तीन वाट्या, मावशी! मी आत जाऊन पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं. दादा लोणच्याशी भाकरी खाऊन एकटेच निघाले. दारात मात्र थांबले. "अनुजा," मान वळवून म्हणाले, "आईला वाढत जा त्ये गांडुळाचं."

तुझी,
अनुजा

ता. क. गवती चहाचे चार ठोंब काढून ठेव. इथला बाजारातला पुरत नाही.

आणखी ता. क. खरं कारण लिहायचं राहिलंच. तेरा दिवस दोन्ही वेळेला घरात तेच शिजतंय. सासूबाई दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत आणि मी शेजारी बसून 'वा' म्हणत गिळते. मला ते मुळीच आवडत नाही. गुरुवारी येते. भाकरी आणि सुकट कर, जरा जास्तच कर, हेही येतायत. घरी सांगितलंय की तुझ्याकडे चंदगडला साखरपुडा आहे. कुणाचा, ते तेवढं तू ठरवून ठेव.