सगळं इकडेच पाठवा

आदरणीय भावोजी,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा धरून लिहितो. रविवारी आईला तुमच्याकडून कायमचं इकडे आणायला मी गाडी ठरवली, तेव्हापासून ताई फोनवर नुसती "हं" म्हणते आणि आई म्हणते, "मी काय ट्रंक आहे?" तुम्ही तेवढे तटस्थ, म्हणून पत्र तुम्हाला. (तटस्थ नसाल तर निदान पत्र संपेपर्यंत राहा.)

परवा सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका प्रोग्रॅमसाठी हात जोडले. देवाकडे ऑफिसचं गाऱ्हाणं नेऊ नये हे मला कळतं, पण मी जे मांडून बसलो होतो त्याला माणसाचे हात पुरत नव्हते. आमचं पाणीपुरवठ्याचं ऑफिस. शहरभरच्या मीटरांचे आकडे एका मशीनवर मावत नाहीत म्हणून तो डेटाबेस नऊ मशीनवर वाटून ठेवलाय. त्या आकड्यांचा हिशेब करणारी यंत्रणा वेगळी. ती स्काला नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत वाढलेली, आणि मला येते फक्त पायथन. शिवाय ती यंत्रणा आणि डेटाबेस यांच्यामधे दुभाष्या लागतो, त्याला कनेक्टर म्हणतात. हा दुभाष्या फार मानी. यंत्रणेची आवृत्ती, डेटाबेसची आवृत्ती आणि त्याची स्वतःची, तिन्ही जुळल्याशिवाय काम करत नाही. नुसत्या पानभर चुका तोंडावर फेकतो, त्यातली खरी एकच, तीही तळाशी. (आपल्या घरातल्या भांडणांसारखं.) पण मी चिकाटी सोडली नाही आणि शेवटी जुळलं. पन्नाशीला टेकलेल्या, गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाने हे जमवावं ही साधी गोष्ट नव्हे, असं मी स्वतःच साहेबांना सांगितलं आणि त्यांना बघायला बोलावलं.

साहेब खुर्ची ओढून बसले. मी पायथनमध्ये एक ओळ लिहिली: सगळे आकडे माझ्याकडे आण. म्हटलं, एकदा डोळ्यांसमोर आले की काळजी नाही, पुढचं मी बघून घेईन. दुभाष्याने हुकूम तंतोतंत पोचवला. नऊच्या नऊ मशीनी आपापलं बिऱ्हाड घेऊन माझ्या टेबलावरच्या बिचाऱ्या कॉम्प्युटरकडे निघाल्या. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. साहेब म्हणाले, "बंद पडलं का?" मी म्हणालो, "विचार करतंय." थोड्या वेळाने पडदा काळा झाला, तेव्हा साहेब उठत म्हणाले, "झाला वाटतं विचार करून."

मग आमच्या मशीन सांभाळणाऱ्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या, बोलायला तिखट. "सगळ्यांना उठवून तुमच्याकडे कशाला बोलावता हो? जिथे आहेत तिथे बरे आहेत. काम तिकडे पाठवा, उत्तर तेवढं मागवा." मला एकदम आपले गुरुजी आठवले. चार कोपऱ्यांत चार वर्ग आणि गुरुजी एक. त्यांनी कधी चारही वर्ग खुर्चीभोवती गोळा केले नाहीत. एकाला पाढे, दुसऱ्याला शुद्धलेखन देत स्वतःच फिरायचे. (तुम्ही तिसऱ्या कोपऱ्यात झोपायचात, पण तुम्हालाही कधी उठवून कुठे नेलं नाही.)

मी ती ओळ बदलली. प्रत्येक मशीनने जागेवरच बेरीज केली आणि माझ्याकडे आलं पानभर उत्तर: कोणत्या वस्तीत पाणी गळतंय ते. साहेबांनी मान डोलावली. (ती सहसा डोलत नाही.) या सगळ्याचा आईशी काहीही संबंध नाही, हे आवर्जून लिहितो.

तुमचा मेहुणा

ता. क. आईची समोरची शेजारीण, तिचा डॉक्टर, तिची खिडकी आणि ताईशी रोजची कुरबुर, हे सगळं माझ्या दोन खोल्यांत मावणार नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आणखी एक ता. क. तुमच्या मधल्या खोलीत प्लगजवळ एक टेबल रिकामं होईल का? मी काहीच स्वतःकडे मागवत नसेन तर कुठे बसतो याने फरक पडत नाही, असं साहेब म्हणतात. दर महिन्यातला एक आठवडा तिकडे बसेन. ताईला तुम्हीच सांगा, तुम्ही तटस्थ.

शेवटचं. गाडीवाल्याला आत्ताच फोन करून सांगून टाकलं. रविवार तोच, गाडीही तीच. फक्त तिकडे येताना तीत मी असेन, आणि परत ती रिकामी जाईल.