डबीतलं रडणं

४ मार्च, सोमवार

सासूबाईंनी दारातच अडवलं. "डूला म्हणजे नेमकं काय हो? नर्स की मोलकरीण?" म्हटलं, दोन्ही नाही, बाळंतिणीचं माणूस. "मग आम्ही काय शत्रू?" — झाली सुरुवात!

नेहमीसारखी आधी आईकडे गेले, बाळाकडे नाही. पहिला प्रश्न तोच: जेवलीस का? पोरगी बघतच राहिली. घरात शिरणारा जो तो थेट पाळण्याकडे धावतो, हिला कोण विचारतंय! दोन घास पोटात गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, मला रडणं ऐकू येतं. बाळ झोपलेलं असतं तेव्हा."

होतं असं. जागरणानं कान वाजतात. तिलाही तेच सांगितलं.

६ मार्च, बुधवार

"आमच्या बाळाचं नाहीच ते," म्हणते. "आमचा भोकाड पसरतो. ते बारीक आहे, दमलेलं. शेवटी एक उचकी, की संपलं. दर वेळी तस्संच."

तिच्या नवऱ्यानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय का? बाळाला माझ्या बहिणीकडे ठेवू का थोडे महिने?" सासूबाई दुपट्यांच्या घड्या करता करता म्हणाल्या, "विषाची परीक्षा कशाला बघायची?" आणि दोघं माझ्या तोंडाकडे. जणू माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! शुक्रवारी सांगते म्हटलं.

बाळ छान अंगावर पितंय. आता तोडलं तर ही पोरगी पुन्हा उभी राहायची नाही. पण खरंच भास असतील तर? बाळाला काही झालं तर? मला भीती वाटतेय.

७ मार्च

आज मीही ऐकलं.

८ मार्च, शुक्रवार

काल पुढे लिहायचा धीर झाला नाही. ती अंघोळीला गेली होती, बाळ माझ्या मांडीवर गाढ झोपलेलं — आणि रडणं! बारीक. मग उचकी. ती बाहेर आली, माझं तोंड बघितलं आणि नुसती मान हलवली.

नुसतं सांगितलं असतं तर मलाही वेड्यात काढलं असतं. म्हणून आज आवाज शोधायला लागले. तिच्या उशाशी बेबी मॉनिटरची एक डबी आहे, दुसरी पाळण्यापाशी. तिकडचा आवाज इकडे येतो. नणंदेकडून आलेली जुनी जोडी. पाळण्यापाशीची बंद केली आणि सगळ्यांना बोलावून बसवलं. सासूबाई "हा काय पोरखेळ" म्हणतात न म्हणतात तोच उशाशी रडणं सुरू! शेवटी उचकी. सासूबाईंनी डबी उचलून कानाला लावली.

"दुसऱ्या कुणाच्या तरी मॉनिटरचा आवाज आपल्यात येतोय!" नवरा सुटल्यासारखा हसला. बाळ कुठ्ठे जाणार नाही, हेही त्यानंच सांगितलं. सासूबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढं तरी झालं.

ती मात्र हसली नाही. "पण त्या बाळाला कुणी उचलत कसं नाही, ताई?"

घरी आल्यापासून माझ्याही डोक्यात तेच घोळतंय.

९ मार्च, शनिवार

सुट्टी असून गेले. असल्या डबीत आवाज जवळपासचाच येतो, म्हणून त्यांच्याच बिल्डिंगमध्ये शोधलं. वरचं घर बंद, शेजारी म्हातारा-म्हातारी. राहिलं खालचं. बेल वाजवली. दारात एक बाई, छातीवर गाऊनला दोन ओले डाग. आतून तेच रडणं, तीच उचकी. मग पुन्हा पहिल्यापासून. पाळण्यात बाळ नव्हतं. मोबाईल होता, रडणं त्यातूनच येत होतं. शेजारी डबी, दिवा चालू.

"एवढंच राहिलंय त्याचं," ती म्हणाली.

तोंडून रोजचाच प्रश्न निघाला. जेवलीस का?

नाही म्हणाली. आणि मला आत येऊ द्यायला बाजूला झाली.