मिठाचं पाणी

माय, तू चुलीवर दूध ठेवून विसरायची, तं मले काय ध्यानात ठेवशील. मी तुही मधली पोट्टी, धोतऱ्याचं बोंड खाऊन भलतंच बडबडत होती ती. तू तांब्याभर मिठाचं पाणी पाजलं, घशात बोटं घातली, अन् पाठीवर धपाटे देत म्हणे, "काढ, सारं काढ, भवाने." मी वाचली. तवापासून माह्या डोक्यात बसलं, पोटात वाईट गेलं की मिठाचं पाणी.

तू गेली तेव्हा रायपूर मध्यप्रदेशात होतं. आता राजधानी झालं, अन् पोराले नवा रायपूरले सरकारी क्वार्टर भेटलं. रस्ते हे मोठे, बस एखादी. नव्या फरशीवर सिमेंटचे डाग होते, म्हणून मी सदर बाजारातून सुट्टं अॅसिड आणलं, थंड्याच्या, म्हंजे कोल्ड्रिंकच्या, रिकाम्या बाटलीत. तुहीच सवय, चांगली बाटली फेकवत नाही. न्हाणीत खालीच ठेवली. तीन वर्षांच्या नातीनं थंडं समजून तोंडाले लावली.

पोरगी किंचाळून राहिली, लाळ गळते, ओठ पांढरेफटक. मी मीठ कालवून तांब्या तिच्या तोंडाशी नेला, तं सुनेनं माहा हात धरला. "आई, उलटी नका करवू. जाते वक्त जला है, आते वक्त फिर जलाएगा."

"तुले काय समजते? माह्या मायनं मले असंच वाचवलं."

तिनं तांब्या बाजूले सारला. पोरीचं तोंड पाण्यानं धुतलं, बाटली पिशवीत घातली अन् शेजारच्या भैयाले गाडी काढायले लावली. डॉक्टरनं बाटली पाहिली अन् पहिले हेच विचारलं, उलटी तं नाही करवली? सून म्हणाली, नाही. मी पदर तोंडात धरून उभी. धोतऱ्यातून मी नशिबानं वाचली, असं डॉक्टर म्हणाला. तुले सांगते, राग नको धरू.

लई दिवस पोरीच्या नाकात नळी होती. आता शाळेत जाते, मराठीत विचारलं तं हिंदीत उत्तर देते, अन् मलेच दटावते.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात मी सारं तुह्या माथी मारलं. म्हटलं, हे माह्या मायचं खूळ. तू काही भांडायले येणार नव्हती. हे सून लिहून राहिली, अन् हसून राहिली. पत्ता काय टाकू, विचारते. मी म्हटलं, गादीखाली ठेव.

तिकडून काही धाडता येत असन तं ज्वारीची आंबील धाडजो. पातळ कर, घट्ट घास पोरीच्या घशात अजून अडकते. अन् मिरची नको घालू, तुहा हात सैल आहे.